एक कानिफ

नेवासा फाट्याला रज्जाकभाई काठीवाल्याच्या टपरीवर गेलात तर तो तुम्हाला 'या, बसा' म्हणणार नाही. 'हात दावा' म्हणेल. नव्या माणसाला वाटतं, हा ज्योतिषी आहे की काय! मग रज्जाक आपली दोन बोटं पुढे करतो, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, आणि सांगतो, "दाबा. मी धा म्हनंस्तवर सोडायची न्हाईत."

गिऱ्हाईक दाबतं. रज्जाक डोळे मिटून मोजतो. जोर किती हे त्याला कळतंच, पण तो कितव्या आकड्याला सुटला, हे त्याच्या लेखी जास्त मोठं. पुष्कळ लोक पहिल्या झटक्यात जीव खाऊन दाबतात आणि सहाला ढिले पडतात. "मासा सहाला थांबत न्हाई मालक," असं म्हणून रज्जाक वरच्या फळीवरची एखादी मऊ काठी काढतो.

मासे धरायच्या काठ्या बनवतो हा माणूस. तयार आणून विकत नाही, माणसागणिक बनवतो. मूठ नाही, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, ओवायच्या कड्या नाहीत, रीळ नाही, अशी नुसती निमुळती पोकळ दांडी असते, तिला तो कोरी म्हणतो. पुण्यामुंबईहून कार्बनच्या, काचतंतूच्या कोऱ्या येतात. खरं काम म्हणजे कोरी निवडणं. मूठ काय, कड्या काय, त्या कुणीही बसवील. पण कोरी चुकली की सगळं चुकलं. मऊ कोरी स्वतः वाकते आणि माशाचा हिसका निम्मा आपणच खाते. ताठ कोरी काही खात नाही, सगळा हिसका मनगटावर आणून टाकते. मनगट तसं असेल तर ताठ काठीसारखी मजा नाही, खोल पाण्यातला मोठा मासा तिच्यावर फरफटत येतो. आणि मनगट तसं नसेल तर मग बसा बोंबलत.

नगरचा एक कॉन्ट्रॅक्टर आला होता एकदा. बरोबर चार माणसं, डोळ्यांवर गॉगल. म्हणाला, सगळ्यात ताठ कोणती ती द्या. रज्जाकने बोटं पुढे केली, दहा मोजले आणि म्हणाला, "सायेब, तुमचा हात अर्ध्याच्या वर न्हाई." चार माणसांसमोर! कॉन्ट्रॅक्टर लालेलाल होऊन निघून गेला. दुसरीकडून ताठ काठी घेतली आणि तिसऱ्या महिन्यात मनगटाला पट्टा बांधून परत रज्जाककडेच आला. रज्जाकने तेव्हाही आधी हातच बघितला आणि म्हणाला, "आता पाव."

अर्धा, पाव म्हणजे कशाच्या? तर कानिफच्या.

ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण आहे हे असं आहे. रज्जाकच्या टपरीत प्रत्येक कोरीच्या बुडाशी खडूने लिहिलेलं असायचं: पाव, अर्धा, पाऊण, एक. कंपनीचे इंग्रजी आकडे छापलेले असत, पण त्यांच्याकडे तो ढुंकून बघत नसे. एक म्हणजे एक कानिफ. कानिफनाथ दरंदले, साखर कारखान्यातला फिटर, रज्जाकचा तिसरीपासूनचा दोस्त. गंजून बसलेला नट दोन माणसं पाना लावून झटत असायची, तिथे हा यायचा, 'सरका' म्हणायचा आणि एका पिळात मोकळा करायचा. रज्जाकचा बाप घोडेगावच्या बाजारात बैलं हाकायच्या काठ्या आणि चाबकाचे दांडे विकायचा. त्याने पोराला एकच शिकवलं होतं, गिऱ्हाइकाचं तोंड बघून काठी द्यायची नाही, हात बघून द्यायची. बाप गेल्यावर रज्जाकने अकोले तालुक्याच्या डोंगराकडून भरीव बांबू आणून पहिली मासे धरायची काठी केली ती कानिफसाठी. त्या दिवशी कानिफने त्याची बोटं अशी दाबली की दोन दिवस रज्जाकला घास मोडता आला नाही. बायको शमशादने वरणभात कालवून दिला, आणि वर हसत बसली.

तेव्हापासून तो हात हेच माप. चाळीस वर्षांत 'एक'पर्यंत पोचलेले तीन लोक, तेही पाच-दहा टक्के कमीच. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, संगमाच्या पुलापलीकडे, कानिफ पाण्यात गळ टाकायला उभा राहिला की बाकीचे आपली काठी जमिनीवर ठेवून बघत बसायचे. रज्जाक मागे बसून बिडी ओढायचा आणि अनोळखी माणसाला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचा, "काठी माझी हाय." हात कानिफचा आहे हे सांगायची गरजच नव्हती.

मग गेल्या वर्षीच्या पोळ्याला कानिफच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. नगरच्या दवाखान्यात बावीस दिवस होता. रज्जाक तिथे एकदा गेला, घरी आणल्यावर दोनदा गेला. पाण्याची पातळी किती, कोणाच्या गळाला केवढी वाम लागली, पुलावरचा चहावाला कसा मेला, सगळं बोलला. हाताचा विषय काढला नाही. चादरीखाली तो हात होता, आणि रज्जाक चादरीकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलत होता. पुढे जाणंच सोडलं. आज माल यायचाय, उद्या गुडघा दुखतोय. शमशाद एकदा म्हणाली, "तुमचा गुडघा बरा नेमका दरंदल्याच्या गल्लीतच दुखतो." तर तिच्यावर खेकसला.

चैत्रात, सकाळी दहाच्या सुमाराला टपरीसमोर रिक्षा थांबली. आधी रतनबाई उतरली, कानिफची बायको. मग तिच्या खांद्याला धरून कानिफ. चालताना उजवा पाय घासत होता, तोंड किंचित वाकडं, पण दाढी ताजी केलेली, कपड्यांना इस्त्री. लग्नाला निघाल्यासारखा आला होता माणूस.

"रज्जाक्या," तो म्हणाला. शब्द थोडे जड पडत होते. "काठी पायजे."

रज्जाकचा जीव कसा झाला असेल! उठला, स्टूल पुसलं, शेजारच्या हॉटेलात ओरडून तीन चहा सांगितले. कानिफ बसला. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात खिशातून काढला आणि समोरच्या लाकडी बाकावर, कोऱ्या ठेवल्या होत्या त्यांच्या शेजारी ठेवला. बोटं एकेक करून सरळ केली. हात ठेवायला जागा पाहिजे असेल, असं रज्जाकच्या मनात आलं. त्याने कोऱ्या थोड्या बाजूला सारल्या.

"पान्यावर जायाचं म्हंतोय," कानिफ म्हणाला. "बसून बसून लई कट्टाळा आला. तू बघ कोंची द्यायची ती."

हीच ती वेळ होती. इथे रज्जाकने दोन बोटं पुढे करायची. कलेक्टर आला तरी करायची, पोलीस आला तरी करायची, सख्खा जावई आला तेव्हाही केलेली. बोटं उचललीही होती त्याने. तेवढ्यात चहा आला. रज्जाकने पटकन आपला ग्लास उचलला, दोन्ही हातांत धरला आणि चहावरची साय फुंकत म्हणाला, "कोंची म्हंजी? तुला काय म्हाईत न्हाई व्हय? एक हाय की, तुझी!"

आणि कोपऱ्यातली कोरी काढली. बुडाशी 'एक' लिहिलेली. तीन वर्षं पडून होती, तिच्या मापाचं गिऱ्हाईकच नव्हतं.

कानिफ त्या कोरीकडे बघत राहिला. मग रज्जाककडे. मग म्हणाला, "बरं." हात उचलून परत खिशात घातला. चहा त्याने घेतलाच नाही.

रतनबाई त्याला रिक्षात बसवून परत आली, पिशवी विसरल्याच्या निमित्ताने. हळूच म्हणाली, "भाऊ, हात न्हाई बघितला तुमी?"

"त्याचा हात मला म्हाईत हाय, वयनी."

तिने पिशवी घेतली आणि गेली.

पुढचे पंधरा दिवस रज्जाकने दुसऱ्या कुणाच्या कामाला हात लावला नाही. कोरीचं टोक जमिनीला टेकवून, बूड तळहातावर घेऊन बोटांखाली फिरवत बसला. प्रत्येक काठीला एक कणा असतो, फिरवताना एका जागी ती आपसूक उसळी घेते, कड्या त्या अंगाला धरून बसवायच्या. तो कणा त्याने तीन वेळा तपासला. कड्यांना हिरवा रेशमी दोरा गुंडाळला, कानिफला हिरवा आवडतो म्हणून. वरच्या फळीवर 'पाव' लिहिलेली एक काचतंतूची कोरी होती, सात फुटी, वेताच्या छडीसारखी लवणारी. ती त्याने दोनदा खाली काढली. एकदा तर मूठही लावून बघितली. आणि दोनदा परत वर ठेवली.

शमशाद जेवणाचा डबा घेऊन आली होती तेव्हा तिने हे बघितलं. "ती पाव कुनासाठी?"

"कुनासाठी न्हाई."

"कानिफभाऊंना ती एक झेपंल?"

"तू गप बस गं! कानिफला पाव देऊ मी? कानिफला? माझ्या हातानं?"

आता या माणसाला काय म्हणावं? कॉन्ट्रॅक्टरला चार माणसांत 'अर्धा' म्हणताना जीभ अडखळली नाही, आणि जिथे खरं बोलायला पाहिजे होतं तिथे प्रेम आडवं आलं. प्रेम तरी कसलं! भीती होती ती. कानिफचा हात पाव झाला हे कळलं की चाळीस वर्षांचं आपलं मापच संपलं, ही भीती. त्या पंधरा दिवसांत त्याला ते ठाऊक होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ठाऊक होतं म्हणून तर कोरी दोनदा खाली काढली.

एका रविवारी सकाळी फुगवट्यावर सगळे जमले. बातमी फुटली होती, कानिफशेठ येणार. दहाबारा जण तरी होते, कुणी औरंगाबादकडून आलेलं, कुणी श्रीरामपूरचं. रतनबाई रिक्षातच बसून राहिली. कानिफने काठी हातात घेतली, खालीवर हलवून बघितली, हिरव्या दोऱ्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. रज्जाकला वाटलं, जमलं.

पहिल्यांदा गळ टाकला तो आठ-दहा हातांवरच पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! पूर्वी तो टाकायचा तेव्हा कुणी टाळ्या वाजवत नसे, सगळे गप्प व्हायचे. दुसऱ्यांदा डाव्या हाताचा आधार घेऊन जरा लांब टाकला. कणकेचा गोळा पाण्यात गेला, बूच तरंगू लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणीतरी चहा वाटला.

आणि बूच गडप झालं.

कटला मासा होता, सहासात किलोचा असावा. मऊ काठी असती तर कमान झाली असती, बिचारीने सगळं सोसलं असतं, नुसती मूठ धरून उभं राहायचं होतं. ही काठी वाकलीच नाही. करायचं तेच तिने केलं, सगळा हिसका सरळ कानिफच्या पंजात आणून दिला. रज्जाकने बोटं उघडताना बघितली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग सगळीच. तिसऱ्या आकड्याला. नको असताना त्याने मनात मोजलंच.

काठी पाण्यात गेली, आणि काठीच्या मागे तोल जाऊन कानिफ गुडघ्यांवर, चिखलात. इस्त्रीचा पायजमा. दोन जणांनी पाण्यात उड्या टाकल्या, काठी धरली. मासा अर्थात गेला होता. एक जण काठी उंच धरून 'घावली, घावली' ओरडला, आणि कुणीतरी हसलं. वाईट मनाने हसलं असेल असं नाही, पण हसलं. एकाच्या हातात मोबाईल होता, तो चालूच राहिला. संध्याकाळपर्यंत मासेवाल्यांच्या ग्रुपवर ते सगळ्यांनी बघितलं, खाली अंगठे आणि हात जोडलेली चित्रं.

रज्जाकने त्याला बगलेत धरून उठवलं. कानिफ त्याच्याकडे बघत नव्हता. रतनबाईने रिक्षातून उतरून चिखल पुसला, पदराने, आणि नवऱ्याला घेऊन गेली. लोकांनी काठी धुऊन रिक्षाच्या टपावर बांधून दिली. त्यानंतर कानिफ पाण्यावर आला नाही. फाट्यावरही आला नाही. रज्जाकने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रतनबाईने उचलला आणि 'झोपलेत' म्हणाली. एकदा सकाळी अकरा वाजता.

पावसाळा गेला. नवरात्र गेलं. रज्जाकने ती पाव लिहिलेली कोरी खाली काढली आणि या वेळी परत ठेवली नाही. मूठ लांब केली, बगलेत दाबून धरता येईल अशी. रीळ डाव्या हाताने फिरेल असं उलटं बसवलं. मुठीला मनगटात अडकवायचा चामड्याचा पट्टा शिवला, म्हणजे बोटं सुटली तरी काठी जायची नाही. इतकी नीट काठी त्याने आयुष्यात केली नव्हती. हेच चैत्रात करायला काय धाड भरली होती, असं तो स्वतःलाच म्हणत होता, मोठ्याने, टपरीत एकटा बसून.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी काठी कापडात गुंडाळून दरंदल्याच्या घरी गेला. ओट्याच्या दोन खांबांना एक काठी आडवी बांधली होती आणि तिच्यावर परकर, टॉवेल, कानिफचा सदरा वाळत घातला होता. कड्या तशाच होत्या. हिरवा दोरा उन्हाने विटला होता. एवढे ओले कपडे अंगावर होते, तरी काठी जरासुद्धा वाकली नव्हती.

कानिफ ओट्यावर खाटेवर बसला होता. "ये," म्हणाला. रतनबाई आत गेली.

रज्जाकने कापड सोडलं, काठी त्याच्यासमोर खाटेवर ठेवली. उभ्याउभ्याच, कॅलेंडरकडे न बघता, दोन बोटं पुढे केली. "कानिफ, हात दे."

कानिफने बोटांकडे बघितलं. हात उचलला नाही.

"त्या दिवशी ठिवला हुता की," तो म्हणाला. "तुज्या बाकावर. बोटं सरळ करून ठिवला हुता. तू च्या घेतला हातात."

रज्जाकची बोटं हवेतच राहिली.

"सा म्हैने कणकेचा गोळा दाबीत हुतो, रज्जाक्या. सकाळ-सांज. रतन मळून द्यायची. पयल्यांदा गोळ्यावर वळ बी उठंना. मग बोटं उमटाया लागली. डाक्टर म्हनायचा, सुधारना हाय, सुधारना हाय. सुधारना म्हंजी किती? त्याला काय कळतंय? मी म्हनलं, आपला मानूस हाय फाट्याला. तो दोन बोटं पुढं करील, डोळे मिटील, आन् खरं सांगंल. पाव तर पाव. अरे, पावावर मासं धरलं असतं मी! चिलाप्या धरल्या असत्या." तो दम खायला थांबला. वाकड्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली होती ती डाव्या हाताने पुसली. "समद्यांचा हात बघितलास. माझाच न्हाई बघितलास."

"आता बघतो," रज्जाक म्हणाला. "आता दे ना. मी चुकलो. लई चुकलो मी, कानिफ. ही बघ, पावच केलीय, तुज्या हाताची. दे हात."

"आता काय न्हाई त्यात," कानिफ म्हणाला. रागाने नाही, एखादी वस्तू घरात नाही असं सांगतात तसं. "त्या दिसापासून गोळा दाबायचा सोडला. कणीक चपात्यांनाच जाती."

उजवा हात मांडीवर होता, बोटं आत वळलेली. रज्जाकने वाकून तो स्वतःच धरायला बघितला, तर कानिफने डाव्या हाताने उचलून पलीकडे ठेवला.

आतून रतनबाई चहा घेऊन आली. दोन ग्लास. तिने रज्जाकपुढे धरला. पुढे केलेली बोटं आता कुठे न्यावीत हे त्या माणसाला कळेना.

"घे," कानिफ म्हणाला. "च्या घे. तुला हातात कायतरी लागतंच."

रज्जाकने ग्लास घेतला.